पाळी बदलताना गाडी कुणाची? तीन सामाईक ट्रकच्या स्वच्छतेचं एक प्रकरण

रस्ते आणि नाल्यांच्या दुरुस्तीचं काम करणारी एक तुकडी. तीन ट्रक, दोन पाळ्या, आणि कुठलीच गाडी कुठल्याच ड्रायव्हरच्या नावावर नाही. यार्डातल्या कचेरीबाहेर किल्ल्यांचा फळा होता. ज्याला जी किल्ली मिळेल त्याने ती गाडी घेऊन निघायचं. दोन गाड्या दुहेरी केबिनच्या: पुढे ड्रायव्हर आणि कामगारांची टोळी, मागे उघड्या हौद्यात खोरी, घमेली, पहारी, सिमेंटच्या गोण्या, माती-खडी दाबायचा कॉम्पॅक्टर असा सगळा संसार. तिसरा डंपर, खडी आणि गरम डांबरी मिश्रण वाहणारा.

माझं काम कामाच्या वाहनांची सुरक्षा आणि देखभाल पाहण्याचं. या तुकडीच्या प्रमुखांनी मला बोलावलं ते ‘आमच्या लोकांशी शिस्तीवर दोन तास बोला’ असं सांगून. गाड्यांचा उकिरडा झाला आहे, नोटिसा लावून थकलो, माणसं ऐकत नाहीत, ही त्यांची तक्रार. बोलण्याआधी मला पाळी बदलताना यार्डात उभं राहायचं आहे, एवढंच मी मागून घेतलं. पुढचं सगळं त्यातून उलगडत गेलं.

मला जे दिसलं ते आधीच सांगून टाकतो. या गाड्या घाण राहत होत्या त्या माणसं आळशी होती म्हणून नव्हे. गाडी एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे जाते त्या घडीसाठी कुणी वेळच राखून ठेवलेला नव्हता. त्यामुळे ती आवरणं हे कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

पेडलखालची बाटली

प्रमुखांना धसका बसला तो एका प्रसंगाने. यार्डातून बाहेर पडताना छोटा उतार लागतो आणि उताराच्या तळाशी फाटक आहे. दुसऱ्या पाळीचे एक अनुभवी ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, भरलेली गाडी घेऊन उतारावर आले. ब्रेक दाबला तर पेडल अर्ध्यावरच अडलं. सीटखालून गडगडत आलेली पाण्याची भरलेली बाटली पेडलच्या मागे आडवी बसली होती. मामांनी हँडब्रेक ओढला, गाडी थांबली, कुणाला काही झालं नाही.

रिकामी बाटली पायाच्या जोराने चेपते तरी. गच्च भरलेली, झाकण घट्ट लावलेली बाटली चेपत नाही, कारण पाणी दाबलं जात नाही. आणि एअर ब्रेकच्या गाडीत पेडल म्हणजे हवेची झडप उघडणारी दांडी असते. पेडल जेवढं खाली जाईल तेवढ्याच दाबाची हवा ब्रेकच्या चेंबरकडे पोचते. पेडल अर्ध्यावर अडलं की ब्रेकही अर्धाच लागतो, आणि उतारावरच्या भरल्या गाडीला तो पुरत नाही.

मग चौकशी झाली. बाटली कुणाची? पहिली पाळी म्हणाली, आमची नाही. मामा म्हणाले, ‘साहेब, मी तर माझी बाटली पिशवीत ठेवतो.’ मला वाटतं दोघंही खरंच बोलत होते. ती बाटली सीटखाली किती दिवस पडून होती हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि खरी मेख तीच होती. चौकशी माणूस शोधत राहिली आणि बाटलीसारख्या आणखी डझनभर वस्तू त्याच केबिनमध्ये तशाच फिरत राहिल्या.

ताडपत्रीवर मांडलेला संसार

आम्ही एक गाडी पूर्ण रिकामी केली. जे निघेल ते जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर मांडायचं, काहीही फेकायचं नाही, आणि ज्या ड्रायव्हरांनी ती गाडी चालवली आहे त्या सगळ्यांनी भोवती उभं राहायचं. मी हे जिथे जातो तिथे करतो. वर्णन करून जे पटत नाही ते समोर मांडलेलं पाहून पटतं.

डॅशबोर्डवर हातोडा, दोन पाने, फुटपट्टी, चलनांचा गठ्ठा आणि रस्त्यावर खुणा करायच्या रंगाचे दोन स्प्रे. हातोड्याचं गणित मी तिथेच सांगितलं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. गाडी कशावर तरी आदळून थांबली तरी डॅशबोर्डवरचा सुटा हातोडा थांबत नाही, तो त्याच वेगाने पुढे काचेवर जातो. मागच्या रांगेतल्या माणसाच्या पायाशी ठेवलेली पहार असेल तर ती पुढे बसलेल्यांच्या दिशेने जाते. माणसांना सीटबेल्ट असतो, हत्यारांना नसतो. स्प्रेच्या डब्यांवर ५० अंश सेल्सियसच्या वर तापू देऊ नये असं छापलेलं असतं, आणि बंद केबिनच्या काचेमागे उन्हात तो आकडा सहज ओलांडला जातो. असे तापलेले डबे फुटू शकतात.

सीटखाली खाण्याचे कागद, उरलेलं खरकटं आणि उंदराच्या लेंड्या. मेकॅनिकने तेव्हा शांतपणे सांगितलं की या गाडीचा मागचा दिवा वारंवार बंद पडायचा तो कुरतडलेल्या वायरमुळे. तीच वायर तो पुन्हा पुन्हा जोडत होता. उंदीर केबिनमध्ये कशासाठी येतो, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता.

पायाखालच्या मॅटवर वाळलेला चिखल होता. दिसायला हा सगळ्यांत निरुपद्रवी ऐवज, पण माझ्या दृष्टीने हातोड्याइतकाच गंभीर. बुटांना लागून आलेला सिमेंट-वाळूचा चिखल केबिनमध्ये सुकतो, पायांखाली दळला जातो आणि पंखा लावला की हवेत उठतो. वाळूत, खडीत, काँक्रीटमध्ये सिलिका असते. तिचे सगळ्यांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासातून जाणारी स्फटिकरूप सिलिका माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, तर त्याच्याही आधीपासून खाणकामगार आणि दगडफोड्यांचा जीव घेत आला आहे. म्हणून अशा केबिनमध्ये कोरडा झाडू फिरवणं हा उपाय नाही. धूळ खाली असते ती नाकाच्या उंचीला येते, एवढंच त्याने होतं. कॉम्प्रेसरच्या हवेने ‘मारून’ साफ करणं त्याहून वाईट. ओल्या फडक्याने पुसायचं, मॅट बाहेर काढून धुवायचं, आणि चांगला फिल्टर असलेला व्हॅक्यूम असेल तर तो वापरायचा.

समोरच्या काचेच्या आतल्या बाजूवर एक धुरकट थर होता. बाहेरून काच धुतात, आतून कुणी पुसत नाही. दिवसा तो जाणवत नाही. सूर्य समोर खाली आला किंवा रात्री समोरून हेडलाइट आले की अख्खी काच पांढरी होते. ओल्या कापडाने एकदा आणि कोरड्याने एकदा, एवढंच काम. मामांना मी काचेवर बोट फिरवून दाखवलं. त्यांनी बोट पाहिलं आणि म्हणाले, ‘मला वाटायचं माझी नजर गेली.’

हौद्यात मिश्रणाचा वाळलेला थर चढला होता. रिकाम्या गोणीतून सांडलेलं, घमेल्यातून गळलेलं, पावसात भिजलेलं, सगळं तिथेच दगड झालेलं. तो काढायला छिन्नी लागली. हौदा पाच मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद धरा. त्यावर एक सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे ०.११ घनमीटर माल झाला. अशा सुकलेल्या मिश्रणाचं वजन घनमीटरला साधारण दोन टन भरतं. म्हणजे सव्वादोनशे किलो ओझं ही गाडी प्रत्येक खेपेला उगाच वाहत होती. तेवढं डिझेल जास्त, आणि तेवढा कामाचा माल कमी. शिवाय ओलं सिमेंट अतिशय अल्कधर्मी असतं, पीएच १२ ते १३. ते हाताची कातडी सोलतं आणि रंगही खातं, त्यामुळे थराखालचा पत्रा गंजायला लागला होता.

हौद्याच्या मागच्या झडपेच्या, म्हणजे फाळक्याच्या, बिजागरीत खडी अडकून फाळका नीट बसत नव्हता, म्हणून तो तारेने बांधलेला होता. मागच्या जोडचाकांमध्ये मुठीएवढा दगड अडकला होता. असा दगड टायरच्या बाजू कापतो, आणि वेगात सुटला तर मागून येणाऱ्याच्या काचेवर जातो. मागचे दिवे आणि रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिखलाने माखलेल्या. ही तुकडी काम करते रस्त्याच्या कडेला, पुष्कळदा अंधार पडल्यावर. त्या पट्ट्या म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला दिसणारं त्यांचं एकमेव अस्तित्व.

आणि हत्यारं! या गाडीत दोन जॅक निघाले. दुसरी गाडी पाहिली तर तिच्यात एकही नाही. जॅक फिरवायची दांडी, म्हणजे टॉमी, तिसरीतच. माल बांधायचे रॅचेटचे पट्टे होते, पण गुंतून गोळा झालेले. एकाची वीण उसवलेली, तरी तो वापरात.

आधी करून झालेले उपाय

प्रमुख हातावर हात धरून बसले होते असं म्हणणं अन्यायाचं ठरेल, कारण त्यांनी बरंच काही करून पाहिलं होतं. ‘गाडी स्वच्छ ठेवा’ अशी लॅमिनेट केलेली नोटीस प्रत्येक केबिनमध्ये होती. तिच्यावरही धूळ होती. मग दंड सुरू केला: गाडी घाण सापडली तर त्या वेळी ती ज्याच्या ताब्यात असेल त्याचे पैसे कापायचे. झालं असं की ड्रायव्हर लॉगबुकमध्ये सही करायलाच टाळू लागले. सही म्हणजे आदल्या माणसाची घाण आपल्या अंगावर घेणं. आधी निदान गाडी कुणी घेतली होती ते कळायचं, आता तेही कळेनासं झालं. नंतर, तपासणी यायची असली की, सगळ्यांना एकत्र करून महास्वच्छता. गाड्या चकाचक व्हायच्या आणि आठवड्याभरात परत पहिले पाढे पंचावन्न.

महास्वच्छतेची कल्पना चुकीची नव्हती, एकटी पडली एवढंच. स्वच्छ जागा स्वतःचं रक्षण काही प्रमाणात करते, हे तपासलेलं आहे. सामाजिक मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चिअल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एक तर गाड्यांच्याच पार्किंगमधला आहे. काचेवर लावलेलं पत्रक माणूस खाली टाकतो का, हे त्यांनी पाहिलं. जमीन आधीच कचऱ्याने भरलेली असली की ते टाकणारे जास्त, स्वच्छ असली की कमी. तेव्हा सुरुवात स्वच्छ गाडीपासूनच व्हायला हवी हे खरं. पण कचरा टाकायला पेटीच नसेल आणि थांबायला पाच मिनिटं नसतील, तर स्वच्छ जमीन किती दिवस तग धरणार?

दुपारी दोनचा यार्ड

पहिली पाळी दोनला संपते, दुसरी दोनला सुरू होते. कागदावर यात काही खटकत नाही.

प्रत्यक्षात दोनला पाच कमी असताना पहिली गाडी फाटकातून आत आली. इंजिन चालूच. टोळी खाली उतरते आहे तोवर दुसऱ्या पाळीचे लोक दुसऱ्या दाराने चढत आहेत. ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून नव्या ड्रायव्हरला म्हटलं, ‘दादा, डिझेल कमी आहे, बघून घे,’ आणि तो निघाला. दुसरी गाडी दोन वाजून गेल्यावर आली, कारण मुकादमाने शेवटची खेप उशिरा भरली होती. त्या ड्रायव्हरची पाळी तिथेच संपलेली. तो आता झाडू घेऊन केबिन झाडणार असेल तर ते बिनपगारी काम. नव्या ड्रायव्हरची पाळी सुरू झालेली, आणि त्याच्या डोक्यावर कामाच्या जागी वाट पाहणारा सुपरवायझर. तो झाडत बसला तर त्याचा खोळंबा मोजला जाणार. दोघांचंही वागणं त्यांच्या जागी अगदी शहाणपणाचं होतं, आणि गाडी घाणच राहिली.

मग मी एका ड्रायव्हरला विचारलं, समजा आत्ता तुला झाडायचं आहे, झाडू कुठे आहे? झाडू भांडारात. भांडाराला कुलूप, कारण भांडारपाल जेवायला गेलेला. कचऱ्याचा ड्रम यार्डाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तो भरून वाहतोय. नळ आहे, पाइप नाही. सीटखालची फट मात्र हाताशी. माणूस कचरा कुठे टाकेल, हे या मांडणीनेच ठरवून टाकलं होतं. याला बेशिस्त म्हणणं मला पटत नाही. बारभाई कारभारात सगळ्यांत सोपी वाट सगळेच धरतात.

यार्डाच्या भिंतीवर ‘फाइव्ह एस’चा तक्ताही होता. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके: नको ते काढा, उरलेलं जागेवर लावा, साफ करा, ते नेहमीचं करा, टिकवा. जपानी कारखान्यांत घडलेली ही पद्धत उत्तम आहे, मी स्वतः ती वापरतो. पण कारखान्यातल्या कामगाराचं टेबल दुसऱ्या दिवशी तिथेच असतं. गाडी दोनला निघून जाते, दुसऱ्याच्या हातात, वीस किलोमीटरवर. पाळ्यांच्या मधल्या सांध्याचं काय करायचं हे तक्ता सांगत नाही.

शेवटच्या खेपेची वेळ

म्हणून पहिला बदल झाडूचा नव्हता, खेपेचा होता. एक वाजून चाळीस मिनिटांपर्यंत यार्डात परतू शकणार नाही अशी खेप पहिल्या पाळीने भरायची नाही. उरलेली वीस मिनिटं गाडीची, आणि ती पगारी.

प्रमुखांनी याला कडाडून विरोध केला. तीन गाड्यांची वीस-वीस मिनिटं रोज सोडायची? त्यांची चिंता खोटी नव्हती, त्यांना काम पूर्ण करून द्यायचं असतं. मी त्यांना दुसऱ्या पाळीबरोबर बाहेर जायला सांगितलं. त्या दिवशी टोळी कामावर पोचली आणि कळलं की कटरची किल्ली नाही, ती दुसऱ्या गाडीत आहे. कुणीतरी ती आणायला गेलं आणि बाकीचे कठड्यावर बसून राहिले. परत आल्यावर प्रमुख स्वतःच म्हणाले, ‘वीस मिनिटं आम्ही आधीच घालवतो आहोत, फक्त रस्त्यावर.’ त्यानंतर वाद उरला नाही. मुकादमाचा उरला, पण तो प्रमुखांनी निस्तरला.

दुसरा बदल जागेचा. फाटकातून आत येताच डाव्या हाताला एक पट्टा आखला, गाडी आधी तिथेच थांबते. कठड्याला खिळे मारून खराटा, लहान झाडू, केरभरणी, पत्र्याची खरवडणी, बादली आणि फडकी लटकवली. कुलूप नाही. दोन मोठ्या झाकणाच्या पेट्या: एक साध्या कचऱ्याची, एक तेल-डिझेल लागलेल्या चिंध्यांची. चिंध्यांची पेटी पत्र्याची आणि वेगळीच हवी. तेलकट चिंध्या आग झपाट्याने धरतात, आणि जवसाच्या तेलासारखी काही सुकणारी तेलं लागलेल्या चिंध्या गोळा होऊन पडल्या तर आपोआप तापून पेटतात. नळाला पाइप जोडला, आणि धुण्याचं पाणी तेल वेगळं करणाऱ्या टाकीतूनच पुढे जाईल अशी उतरण केली. ट्रकच्या धुवणात डिझेल आणि ग्रीस असतं, ते पावसाच्या गटारात सोडायचं नसतं.

तिसरा बदल सुताराने केला, आणि या सगळ्या प्रकरणात मला तो सर्वांत आवडला. ड्रायव्हरच्या सीटखालची फट त्याने प्लायवूडची पट्टी बसवून बंद केली. पट्टी स्क्रूने निघते, सीट पुढेमागे सरकायला अडत नाही. दारात बाटलीसाठी खोबण बसवली. आता त्या फटीत काही टाकताच येत नाही, आणि तिथून पेडलकडे काही गडगडतही येत नाही. नोटीस रोज कुणीतरी पाळावी लागते. ही पट्टी एकदा बसली की बसली.

हत्यारांचं ठरवणं टोळ्यांवर सोडलं. ताडपत्रीवरच्या ढिगातून गाडीत काय राहणार आणि काय भांडारात जाणार, यावर त्यांनी तासभर भांडण केलं. ते होऊ दिलं पाहिजे. बाहेरच्याने यादी दिली असती तर ती बाहेरच्याची राहिली असती. शेवटी प्रत्येक गाडीला एक रंग मिळाला, हत्यारांच्या दांड्यांवर त्या रंगाची पट्टी ओढली आणि पेटीच्या झाकणाच्या आत वस्तूंची नावं रंगवली. जॅक आणि टॉमी परत जोडीने आले. कुठली वस्तू भलत्या गाडीत गेली तर रंग ओरडतो.

आणि चौथं, हातात हात देणं. किल्ली फळ्यावर टांगायची नाही. जाणारा आणि येणारा ड्रायव्हर दोघं मिळून गाडीभोवती एक फेरी मारतात: दिवे, आरसे, जोडचाकांमधली फट, फाळका, हौदा, शेवटी केबिन. मग किल्ली द्यायची आणि मग सही. दंड बंद. येणाऱ्याला काही खटकलं तर तो सांगतो, जाणारा तिथेच उरकतो, त्यासाठीच तर वेळ राखला आहे. रोजच्या वीस मिनिटांत धुणं नाही, फक्त हौदा झाडणं, केबिन ओल्या फडक्याने पुसणं, पेटी लावणं. आठवड्यातून एकदा धुलाई, तीही सांभाळून: प्रेशरचा फवारा रेडिएटरच्या जाळीवर, वायरिंगच्या जोडांवर आणि टायरच्या बाजूंवर जवळून मारायचा नाही. धुतल्यावर ग्रीसिंग करायचं, कारण जोराचं पाणी ग्रीस बाहेर ढकलतं. आणि यार्डातून निघताना ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवायचे.

डंपरचं वेगळं दुखणं

डंपरला यातलं निम्मंही लागू पडलं नाही. गरम डांबरी मिश्रण हौद्याला चिकटतं, थंड झालं की सुटत नाही. म्हणून ड्रायव्हर भरण्याआधी हौद्यात डिझेल शिंपडत. ही जुनी आणि सर्रास सवय आहे, आणि वाईट आहे. डिझेल डांबराला विरघळवतं, म्हणजे ज्या रस्त्यासाठी हा खटाटोप त्याचाच बंध ते कमकुवत करतं. वरून हौदा निसरडा होतो, जमीन नासते, आणि गरम मालाजवळ वाफ उठते ती छातीत जाते. त्याऐवजी यासाठीच बनवलेला, पेट्रोलियम नसलेला द्रव पातळ करून फवारायचा, तोही इतकाच की तळाशी साचणार नाही.

शिवाय डंपरची सफाई पाळी संपताना करून उपयोग नव्हता, तोवर डांबर थंड झालेलं असतं. ती प्रत्येक खेप ओतल्यावर लगेच, जागेवरच खरवडून करावी लागते, आणि हौदा उचललेला असताना त्याखाली कुणीही जायचं नाही, टेकण लावल्याशिवाय तर नाहीच. दोन वेळा चिकटलेला माल काढायला माणूस उचललेल्या हौद्याखाली वाकताना मी पाहिला आणि दोन्ही वेळा काम थांबवलं. स्वच्छतेच्या नावाखाली जीव जाऊ शकतो अशी ही जागा. लांब दांड्याची खरवडणी दिल्यावर वाकायची गरज संपली. डंपरची यादी वेगळी आहे, आणि ती डंपरच्याच ड्रायव्हरांनी लिहिली.

फोटोंचं भांडण

मध्येच एक कल्पना प्रमुखांच्या मनात आली: प्रत्येक पाळीने गाडीचा फोटो काढून सगळ्यांच्या मोबाइलवरच्या गटात टाकायचा. चार दिवसांत तो गट रणांगण झाला. पहिल्या पाळीने दुसऱ्या पाळीचे कोपरे शोधून फोटो काढायचे, दुसऱ्याने पहिल्याचे. एकाने तर मॅट उचलून खालचा चिखल दाखवला, जो बहुधा महिन्यांचा होता. फोटो पुरावा म्हणून वापरला की तो भांडणाचंच हत्यार होतो. तोंडावर सांगायला जे दोन मिनिटं लागतात ते आता सगळ्यांसमोर अपमान करून सांगितलं जाऊ लागलं.

मी फोटो बंद करायला सांगितले नाहीत. फक्त मोडतोड आणि गळतीसाठी ठेवले, आणि ते मेकॅनिककडे जातात, गटात नाही. घाणीबद्दलचं बोलणं फेरी मारताना, समोरासमोर. त्याने तापलेलं वातावरण खाली आलं. मामांचा यात मोठा वाटा आहे. ते पहिल्या पाळीच्या तरुण ड्रायव्हरला ‘बाळा, हे बघ’ म्हणून बोट दाखवत, तोही ‘हो मामा’ म्हणून फडकं घेई. हे कुठल्याही यादीत लिहून येत नाही.

धूम्रपानाचा प्रश्नही याच फेऱ्यांतून वर आला. काही जणांना केबिनमधला वास सहन होत नव्हता आणि ते इतके दिवस गप्प होते. सामाईक केबिनमध्ये ओढायचं नाही हे टोळ्यांनी ठरवलं. मला वाटतं ते योग्यच आहे. केबिन ही एका माणसाची नसते, आणि त्यात आठ तास बसणाऱ्याला स्वच्छ हवा मिळणं हा त्याचा हक्क आहे. या लोकांची आपण फार कमी काळजी घेतो. तेच त्या केबिनमध्ये जेवतात, पावसात तिथेच आडोसा शोधतात, दुपारी तिथेच दहा मिनिटं डोळे मिटतात.

आता कुठवर

दुहेरी केबिनच्या दोन्ही गाड्या टिकून आहेत. हौद्यात थर चढत नाही, कारण रोज ओला असतानाच निघतो, छिन्नी लागत नाही. मेकॅनिक सांगतो की उंदरांची वायर पुन्हा जोडावी लागली नाही. लॉगबुकमध्ये सह्या परत आल्या.

तुटतं ते एका ठिकाणी: कामाचा जोर असतो तेव्हा बाहेरून बदली ड्रायव्हर येतात. त्यांना फेरी, रंग, चाळीसची वेळ यातलं काही माहीत नसतं, आणि मुकादमही त्या दिवसांत शेवटची खेप लांबवतो. त्या दिवशी संध्याकाळी गाडीत डोकावलं की जुने दिवस परत आल्यासारखे दिसतात. सध्या ठरलं आहे ते असं की बदली ड्रायव्हरला पहिल्या दिवशी एकटी गाडी द्यायची नाही, आणि त्याच्या पहिल्या फेरीला तुकडीतला एक ड्रायव्हर सोबत राहील. मुकादमाच्या खेपांचा तक्ता आता प्रमुख रोज एक वाजता स्वतः पाहतात. पावसाळ्यात, कामं तुंबलेली असताना, हे कसं चालतं ते पाहून चाळीसची वेळ मागेपुढे करायची की नाही यावर टोळ्यांसोबत पुन्हा बसायचं आहे.